जागा अपुरी, तरी मोजमाप चोख: सरळ पाइप मिळत नसताना प्रवाह कसा मोजावा

बडोद्याच्या मकरपुरा किंवा नंदेसरी जीआयडीसीतल्या (गुजरातच्या सरकारी औद्योगिक वसाहतीतल्या) एखाद्या जुन्या शेडमध्ये नवा फ्लोमीटर बसवायचा विषय काढा, फिटरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "साहेब, जग्या नथी." आणि तो खोटं बोलत नसतो. पंपाला चिकटून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, त्याला चिकटून गेट व्हॉल्व्ह, मग एल्बो (वळणाचा जोड), मग भिंत. इकडे मीटरच्या माहितीपत्रकात मागे, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, १० डी आणि पुढे ५ डी सरळ पाइप मागितलेला असतो. डी म्हणजे पाइपाचा आतला व्यास. १०० मि.मी.च्या लाइनीला हे दीड मीटर होतं, ३०० मि.मी.च्या लाइनीला साडेचार मीटर. जुन्या शेडमध्ये साडेचार मीटर सरळ पाइप म्हणजे चैन.

मग दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर "बसवून टाका, बघू नंतर" म्हणून मीटर एल्बोला खेटून बसतो आणि महिनाअखेरीस पाण्याचा ताळा जुळत नाही. नाहीतर कोणीतरी सुचवतं की सरळ पाइप न लागणारा सर्वांत महागडा मीटर मागवू. या दोन टोकांच्या मध्ये बरेच स्वस्त आणि साधे मार्ग आहेत. मात्र ते क्रमाने तपासावे लागतात. मीटरची निवड या क्रमात बरीच खाली येते, आणि बहुतेक ठिकाणी सुरुवातच तिथून होते ही खरी अडचण आहे.

आधी ठरवा, आकडा कशासाठी हवा

मीटर नेहमी ४ टक्के जास्त दाखवतो, पण रोज तेवढंच जास्त दाखवतो, असं समजा. कूलिंग टॉवरच्या पाण्यात रसायन सोडण्यासाठी त्या आकड्याचा आधार घ्यायचा असेल तर काही बिघडत नाही. ऑपरेटर पाण्याचा नमुना तपासून मात्रा जुळवून घेतोच. त्याला हवी असते पुनरावृत्ती, म्हणजे आज ४० दाखवलं आणि उद्या तेवढाच प्रवाह असला तर उद्याही ४०. पण त्याच आकड्यावर बिल फाडायचं असेल, किंवा जीपीसीबीच्या (गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संमतीपत्रातल्या सांडपाण्याच्या मर्यादेशी तो ताडून पाहायचा असेल, तर ते ४ टक्के तुमच्या अंगावर येतात.

अपुऱ्या सरळ पाइपामुळे होणारी चूक बहुधा याच जातीची असते. पाइपांची मांडणी तीच, व्हॉल्व्ह तेवढाच उघडा, तर चूकही जवळपास तीच राहते. त्यामुळे ती जागेवर मोजून दुरुस्त करता येते. पुढे पडताळणीवर मी इतकी जागा खर्च केली आहे ती म्हणूनच. नुसतं नियंत्रण किंवा कल पाहायचा असेल तर निम्मे खर्च टाळता येतात. तेव्हा खरेदीच्या कागदावर "अचूकता ०.५ टक्के" लिहिण्याआधी तो आकडा कोण वापरणार हे विचारून घ्या. माहितीपत्रकातला तो अर्धा टक्का कारखान्यातल्या चाचणी बाकावर, लांबलचक सरळ पाइपात मिळालेला असतो. तुमच्या एल्बोच्या पुढे तो तसाच मिळेल अशी हमी त्यात कुठेच नसते.

मग पाहा, मागे नेमकं काय आहे

सगळे अडथळे सारखे नसतात. ५ डी किंवा १० डी हा आकडा एकटा वाचून उपयोग नाही, तो कशापासूनचं अंतर सांगतो ते पाहावं लागतं.

सरळ लांब पाइपात पाणी मधोमध जास्त वेगाने आणि भिंतीलगत कमी वेगाने वाहतं, आणि ही वाटणी सगळीकडून सारखी असते. मीटरचं गणित याच गृहीतकावर उभं आहे. एल्बो आला की वळणावर एसटीतले प्रवासी बाहेरच्या बाजूला कलतात तसा वेगवान भाग बाहेरच्या भिंतीकडे ढकलला जातो आणि आत उलटसुलट फिरणारे दोन भोवरे तयार होतात. एकाच एल्बोनंतर हा गोंधळ त्यातल्या त्यात लवकर निवळतो.

दोन एल्बो वेगवेगळ्या दिशांना वळत असतील, म्हणजे पाइप आधी वर गेला आणि लगेच डावीकडे वळला, तर मात्र सगळा प्रवाहच स्क्रूसारखा फिरत पुढे जातो. या पिळाची गंमत अशी की तो सहजी मरत नाही. गुळगुळीत पाइपात ५० डीनंतरही त्याचा अंश सापडू शकतो. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह आणखी वाईट. त्यातून पाण्याची धार एका बाजूने सुटते, आणि व्हॉल्व्ह थोडा फिरवला की धारेची जागा बदलते. म्हणजे जी चूक कायम राहील म्हणून आपण भरवसा ठेवला होता, तीसुद्धा बदलती होते.

ढोबळ क्रम असा लावता येईल. पूर्ण उघडा फुल-बोअर बॉल व्हॉल्व्ह जवळजवळ निरुपद्रवी. हळूहळू अरुंद होणारा रिड्यूसर तर उलट वेगाची वाटणी सपाट करून मदतच करतो. त्यानंतर एक एल्बो, एकाच पातळीतले दोन एल्बो, टी-जोड, वेगवेगळ्या पातळीतले दोन एल्बो, आणि सगळ्यांत शेवटी कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा अर्धा बंद गेट व्हॉल्व्ह. एकदम रुंद होणारा पाइपही वाईटांच्याच रांगेत, कारण तिथे प्रवाह भिंतीपासून सुटतो.

यातून एक फुकटचा उपाय निघतो. कंट्रोल व्हॉल्व्ह मीटरच्या मागे असेल तर त्याला पुढे हलवा. मीटरजवळ दाब टिकून राहतो, पाण्यात विरलेली हवा सुटत नाही, पाइप भरलेला राहतो आणि मीटरच्या मागचा सर्वांत मोठा उपद्रवही जातो. एवढ्या एका बदलात नवा मीटर घ्यायची गरज संपल्याची उदाहरणं कमी नाहीत.

लाइनवरून चालत जा

मीटर जिथे दाखवलाय तिथेच बसवायला हवा असं ड्रॉइंग काढणाऱ्याला वाटतं. पाण्याला तसं वाटत नाही. मधे फाटा नसेल आणि गळती नसेल तर लाइनीच्या एका टोकाला जितका प्रवाह, तितकाच दुसऱ्या टोकाला. म्हणून टेप आणि वही घेऊन पंपापासून शेवटच्या टाकीपर्यंत चाला. शेडमध्ये जागा नसते, पण ओव्हरहेड टाकीकडे चढणारा उभा पाइप बहुतेक कारखान्यांत असतो आणि त्यात दोन-तीन मीटर सरळ लांबी सहज सापडते. खालून वर जाणारा उभा पाइप मीटरसाठी सगळ्यांत चांगली जागा, कारण तो नेहमी भरलेला राहतो आणि बुडबुडे आपोआप वर निघून जातात. रॅकवरची लाइन, कंपाउंडच्या भिंतीलगतची लाइन, सांडपाण्याच्या शेवटच्या हौदाआधीचा तुकडा हेही बघून घ्या.

"तिथे चढून रीडिंग कोण घेणार?" हा आक्षेप येणारच. त्यावर रिमोट ट्रान्समीटर आहे. सेन्सर वर, डिस्प्ले खाली माणसाच्या उंचीवर, मधे केबल. खर्च थोडा वाढतो, पण नंतरच्या वादांपेक्षा स्वस्त पडतो. बडोद्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली डिस्प्ले तापून काळा पडतो, तेव्हा तो सावलीत आणता आला हा वरचा फायदा.

चालताना निरुपयोगी फिटिंगही टिपून ठेवा. जुन्या लाइनींवर कोणे एके काळी बसवलेला आणि आता कोणी हात न लावणारा गेट व्हॉल्व्ह, रिकामी टी, कापून काढता येईल असं वळण हमखास निघतं. एक एल्बो कमी झाला तर दहा डी मिळाल्यासारखं आहे.

मुख्य लाइनीवर जागाच नसेल तर फाट्यांवर मोजून बेरीज करणं चालतं. वजाबाकी मात्र शक्यतो टाळा. एका मीटरवर १००, दुसऱ्यावर ९०, म्हणून तिसऱ्या फाट्याला १० गेलं असं काढलंत, आणि दोन्ही मीटर अवघा एक-एक टक्का विरुद्ध दिशांना चुकले, तर त्या १० मध्ये जवळपास २ ची चूक बसते. म्हणजे १९ टक्के.

पाइप अरुंद करण्याचा हिशेब

हा उपाय सुचवला की प्लांट मॅनेजर कपाळाला आठ्या घालतात. दाब पडेल, पंपावर लोड येईल, असं त्यांना वाटतं. आकडे मांडून दाखवले की बहुधा मान्य होतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवतो.

लाइन ४ इंच, शेड्यूल ४० (हा पाइपाच्या जाडीचा वर्ग), आतला व्यास १०२.३ मि.मी. प्रवाह ताशी ४० घनमीटर. एका एल्बोपासून पुढच्या एल्बोपर्यंत वेल्ड ते वेल्ड मोकळा पाइप ६५० मि.मी. इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटरला, म्हणजे मॅगमीटरला, मागे ५ डी आणि पुढे २ डी हवेत असं धरू. हे अंतर बहुतेक उत्पादक इलेक्ट्रोडच्या मध्यापासून मोजतात, फ्लँजपासून नाही. ४ इंचात ७ डी म्हणजे ७१६ मि.मी. बसत नाही.

आता ३ इंचाचा मीटर घेऊ. आतला व्यास ७७.९ मि.मी., म्हणजे ५ डीला ३९० आणि २ डीला १५६. दोन्ही बाजूंना ४ बाय ३ इंचाचे कॉन्सेंट्रिक रिड्यूसर, प्रत्येकी १०२ मि.मी. लांब. त्याच्या भिंतीचा अक्षाशी उतार साधारण ७ अंश भरतो. उतार ८ अंशांच्या आत असेल तर बरेच उत्पादक रिड्यूसरची लांबी सरळ पाइपातच धरू देतात. घेतलेल्या मीटरच्या पुस्तिकेत हे वाक्य आहे का ते मात्र स्वतः वाचा. मागे इलेक्ट्रोडपर्यंत ३९० ठेवले. पुढे फ्लोमीटरची अर्धी लांबी, म्हणजे २०० मि.मी. लांबीच्या मीटरचे १००, मग स्लिप-ऑन फ्लँज आणि रिड्यूसर, मिळून साधारण २३५. एकूण ६२५. बसलं, आणि वेल्डरला हात फिरवायला २५ मि.मी. उरले.

वेग किती झाला? ४ इंचात १.३५ मीटर प्रतिसेकंद होता, ३ इंचात २.३३ झाला. मॅगमीटरला १ ते ३ मीटरचा पट्टा सगळ्यांत मानवतो. रात्री प्रवाह ताशी ६ घनमीटरवर उतरला तर ४ इंचात वेग ०.२ वर येतो, तिथे मीटर चाचपडायला लागतो. ३ इंचात तोच ०.३५ राहतो. रिड्यूसरमुळे कायमचा पडणारा दाब पाण्याच्या दहा सेंटीमीटर उंचीच्या आसपास. पंपाला त्याचा पत्ताही लागणार नाही. गाळ किंवा वाळू असलेल्या पाण्यात मात्र वेग ३ मीटरच्या वर नेऊ नका, मीटरचं अस्तर झिजतं.

आता मीटर निवडा

ऑरिफिस प्लेट आधी घेतो, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज तिच्याबद्दल आहेत. ही पाइपात आडवी बसवलेली भोकाची चकती, तिच्या मागच्या-पुढच्या दाबाच्या फरकावरून प्रवाह काढतात. जुन्या लोकांच्या तोंडी "दहा मागे, पाच पुढे" बसलेलं असतं. आयएसओ ५१६७ मध्ये ही लांबी बीटावर अवलंबून असते. बीटा म्हणजे भोकाचा व्यास भागिले पाइपाचा व्यास. एका ९० अंशाच्या एल्बोनंतर बीटा ०.६ असेल तर ४२ डी हवेत, ०.४ ला १६ डी. २००३ च्या आवृत्तीत हे आकडे बरेच वाढले. त्याआधीच्या आवृत्तीत बीटा ०.६ ला १८ डी पुरत होते, आणि अजूनही काही हिशेब त्याच जुन्या तक्त्यावर चालतात. मानकातच एक सवलत आहे: दुसऱ्या स्तंभातली कमी लांबी घ्यायची आणि अनिश्चितता ०.५ टक्क्याने वाढवून मान्य करायची. बीटा ०.६ ला ती १३ डी आहे. जागा कमी असेल तर बीटा कमी करणं हाही मार्ग आहे, पण ०.६ वरून ०.४ वर आलात तर त्याच प्रवाहाला दाबाचा फरक सुमारे साडेपाच पट होतो. पंपाकडे तेवढी ताकद आहे का ते आधी पाहा. आणखी एक, प्रवाह १० टक्क्यांवर आला की दाबाचा फरक १ टक्क्यावर येतो. म्हणून ज्या लाइनीत प्रवाह खूप वरखाली होतो तिथे ऑरिफिस नकोच.

ऑरिफिसचा ट्रान्समीटर आणि फ्लँज आधीच बसलेले असतील तर चार भोकांची कंडिशनिंग प्लेट हा चांगला तोडगा. चार भोकं प्रवाहाला स्वतःच सरळ करतात आणि बऱ्याच मांडण्यांत मागेपुढे दोन-दोन डी पुरतात. कोन मीटरमध्ये पाइपाच्या मधोमध शंकू असतो, त्याच्याभोवतालच्या कड्यातून प्रवाह जाताना वेगाची वाटणी सुधारते. तोही शून्य ते तीन डीत काम करतो, आणि २०१६ पासून आयएसओ ५१६७ च्या पाचव्या भागात त्याची नोंद आहे. व्हेंच्युरीला (मधे अरुंद होऊन पुन्हा रुंद होणाऱ्या नळीला) ऑरिफिसपेक्षा मागे खूपच कमी सरळ पाइप लागतो आणि दाबही थोडा पडतो. पण व्हेंच्युरी स्वतःच लांबलचक, म्हणजे जागा वाचवायला आणलेली वस्तूच जागा खाते.

पाणी आणि सांडपाण्यासाठी माझं मत इलेक्ट्रोमॅग्नेटिककडे झुकतं. हलणारा भाग नाही, दाब पडत नाही, गाळाचं वावडं नाही. द्रवाची विद्युतवाहकता साधारण ५ मायक्रोसिमेन्स प्रतिसेंटीमीटरच्या वर हवी, म्हणून तेल, सॉल्व्हंट आणि अतिशुद्ध डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याला तो चालत नाही. हल्ली "० डी, ० डी" लिहिलेले मॅगमीटर मिळतात. त्यांत मधला भाग अरुंद किंवा आयताकृती केलेला असतो, किंवा इलेक्ट्रोडची संख्या वाढवलेली असते. ते खोटं नाही, पण विक्रेत्याला दोन प्रश्न विचाराच. शून्य डी कोणत्या अडथळ्यानंतर, आणि त्या मांडणीत अचूकता किती? पाण्याच्या मीटरसाठी आयएसओ ४०६४ मध्ये याचे वर्ग ठरलेले आहेत. यू-शून्य, डी-शून्य असा वर्ग प्रमाणपत्रावर असेल तर ठरवून दिलेल्या अडथळ्यांमागे-पुढे त्याची चाचणी झालेली आहे असा अर्थ होतो. नुसत्या माहितीपत्रकातल्या वाक्यापेक्षा हे प्रमाणपत्र मागून घेणं बरं.

कोरिऑलिस मीटरला सरळ पाइप लागत नाही, कारण तो वेगाची वाटणी पाहतच नाही. कंप पावणाऱ्या नळीवर वाहत्या वस्तुमानाचा जो परिणाम होतो, तो मोजतो. सॉल्व्हंटचे बॅच, महागडी रसायनं, किलोत होणारा व्यवहार यांना त्याला तोड नाही. पण तोही जागेवर रुसतो. पाइप ओढून-ताणून फ्लँज जुळवले की नळीवर ताण येतो आणि शून्य सरकतं. आधार मीटरच्या अंगाला न देता दोन्ही बाजूंच्या पाइपाला द्या. शून्य लावताना नळी द्रवाने पूर्ण भरलेली आणि दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह घट्ट बंद हवेत. गळक्या व्हॉल्व्हवर लावलेलं शून्य म्हणजे कायमची चूक पदरात. बुडबुडे आले की आकडा नाचतो. ४ इंचाच्या वर वजन आणि किंमत दोन्ही अशी वाढतात की नुसत्या पाण्यासाठी हा मीटर सुचवायला मन होत नाही.

फर्नेस ऑइलसारख्या जाड द्रवाला ओव्हल गिअर मीटर घ्या, मागे गाळणी बसवा, सरळ पाइपाची चिंता सोडा. वाफेला व्हॉर्टेक्स (प्रवाहातले भोवरे मोजणारा मीटर) लागतो, आणि एल्बोनंतर त्याला १५ ते २० डी हवेच असतात. आतूनच अरुंद केलेला व्हॉर्टेक्स मिळतो, त्याने थोडं भागतं. टर्बाइन मीटर पिळाला सगळ्यांत जास्त फसतो. पाणी ज्या दिशेने पीळ घेतं त्यानुसार तो जास्त किंवा कमी दाखवतो, त्यामुळे अपुऱ्या जागेत त्याचं नाव काढू नका.

बाहेरून बांधायचा अल्ट्रासॉनिक मीटर कायमचा बसवण्यापेक्षा तपासनीस म्हणून ठेवा. त्यालाही १० डी मागे आणि ५ डी पुढे हवेतच, पण तो लाइनीवर कुठेही नेता येतो. जागा कमी असली तर सेन्सर पाइपाभोवती दोन-तीन कोनांत फिरवून सरासरी घ्या. कोनागणिक आकडे किती वेगळे येतात त्यावरून प्रवाह किती बिघडलाय याचा अंदाजही मिळतो. बोअरच्या खाऱ्या पाण्याच्या जुन्या लाइनीत आत थर चढलेला असतो. १०० मि.मी.च्या पाइपात चहूकडून ३ मि.मी. थर बसला तर आतला व्यास ९४ राहतो आणि क्षेत्रफळ साडेअकरा टक्क्यांनी घटतं. मीटरमध्ये १०० भरलं असेल तर तो निमूटपणे खोटं सांगत राहील.

कंडिशनर कधी घालावा

एवढं करूनही जमलं नाही तर फ्लो कंडिशनर. भोकं पाडलेली जाड प्लेट, दोन फ्लँजच्या मधे बसते, पीळ मोडते आणि वेगाची वाटणी सावरते. जुन्या पद्धतीचा १९ नळ्यांचा जुडगा पीळ मोडतो, पण वाटणी तितकीशी सावरत नाही. प्लेटनंतर लगेच मीटर लावू नका. तिच्यापुढे किती डी सोडायचे ते उत्पादक सांगतो, ते पाळलं नाही तर प्लेट हाच नवा अडथळा होतो. पाण्याचा वेग २ मीटर असताना तिच्यामुळे पडणारा दाब ०.०४ ते ०.०६ बार, म्हणजे किरकोळ. खरी अडचण कचऱ्याची. सांडपाण्याच्या लाइनीत चिंधी किंवा प्लास्टिकचा तुकडा भोकांत अडकला की प्रवाह पूर्वीपेक्षा वाईट होतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. तिथे कंडिशनर घालू नये असंच मी सांगेन.

बसवताना

मीटर पूर्ण भरलेल्या पाइपात हवा. आडव्या लाइनीच्या सर्वांत उंच टोकावर नको, तिथे हवा साठते. उघड्या टोकाने संपणाऱ्या उताराच्या लाइनीत नको, तिथे पाइप अर्धा रिकामा राहतो. तशी वेळ आलीच तर लाइनीला खाली बाक देऊन मीटर त्या बाकात बसवा. आडव्या लाइनीत इलेक्ट्रोड डाव्या-उजव्या बाजूला आले पाहिजेत. वर-खाली आले तर वरच्याला बुडबुडा चिकटतो, खालच्यावर गाळ बसतो.

गॅस्केट आत डोकावत असेल तर इतकी सगळी मेहनत वाया. भोक मीटरच्या बोअरपेक्षा किंचित मोठं कापा आणि बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. वेल्डचा आतला थेंब घासून काढा. एचडीपीईची (जाड प्लास्टिकची) लाइन असेल तर आतला व्यास कागदावर बघा. ११० मि.मी. बाहेरचा, एसडीआर (बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी) १७ चा पाइप आतून ९६.८ च असतो. मीटरच्या तोंडाशी त्याने पायरी पडते. प्लास्टिकच्या किंवा अस्तर लावलेल्या पाइपात मॅगमीटरच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग रिंग लागतातच. नंदेसरीकडच्या एचडीपीई आणि एफआरपी (काचतंतूच्या प्लास्टिक) लाइनींवर आकडा नाचतो म्हणून मीटरला दोष दिला जातो, आणि उघडून पाहिलं तर रिंगच नसतात.

आणि जागेवर तपासा

कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, शिकलेल्यांना हायड्रॉलिक्सच्या प्रयोगशाळेतली मोजटाकी आणि स्टॉपवॉच आठवत असेल. कारखान्यातही तेच करायचं, फक्त टाकी मोठी.

३ मीटर व्यासाची उभी टाकी घ्या, क्षेत्रफळ ७.०७ चौरस मीटर. व्यास घरगुती टेपने आडवा मोजू नका. बाहेरून स्टीलच्या टेपने परीघ मोजा, तीन वेगवेगळ्या उंचींवर, आणि भिंतीची जाडी वजा करा. ३,००० मि.मी.मध्ये १० मि.मी. चुकलात तर क्षेत्रफळात ०.६७ टक्के जातात. टाकीत येणारे आणि जाणारे बाकीचे सगळे व्हॉल्व्ह बंद करा आणि दहा मिनिटं पातळी हलत नाही ना ते पाहा. मग पंप सुरू करून प्रवाह स्थिर झाल्यावर पातळी आणि मीटरचा टोटलायझर (एकूण गेलेल्या पाण्याचा आकडा) एकाच क्षणी टिपा. पातळी ५०० मि.मी. उतरली की ३.५३ घनमीटर पाणी गेलं. ताशी ४० घनमीटरला हे ५ मिनिटं १८ सेकंदांत होतं. पातळी वाचण्यात ५ मि.मी. चूक म्हणजे १ टक्का. एक मीटर उतरू दिलंत तर ती निम्मी होते, तेव्हा टाकी परवानगी देईल तितकी उतरू द्या.

ही चाचणी कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन प्रवाहांवर करा, प्रत्येकी दोनदा. मीटर अनुक्रमे ३.८, ४.१ आणि ३.९ टक्के जास्त दाखवत असेल तर ही मांडणीची कायम चूक आहे. मीटरमध्ये ०.९६२ चा गुणक भरा आणि एकदा पुन्हा तपासा. पण १, ४ आणि ९ अशी चूक वाढत गेली तर गुणक लावू नका. हवा, अर्धा भरलेला पाइप, शून्य किंवा मागचा व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे, आणि गुणकाने ते फक्त झाकलं जाईल. एकाच प्रवाहावर दोनदा केलेल्या चाचणीत फरक जास्त आला तर दोष बहुधा चाचणीतच असतो.

टाकी नसेल आणि व्यवहार मोठा असेल तर एल्बो, रिड्यूसर, सरळ तुकडा आणि मीटर असा सगळा संच जसाच्या तसा उतरवून प्रयोगशाळेत कॅलिब्रेट करता येतो. पालक्काडच्या फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांत प्रवाहमापकांचं कॅलिब्रेशन होतं. मागचा एल्बो सोबत पाठवला तर त्याच्यामुळे होणारी चूकही प्रमाणपत्रात उतरते, हे लक्षात ठेवून पाठवा. नुसता मीटर पाठवला तर तो तिथल्या सरळ पाइपात उत्तीर्ण होऊन परत येईल आणि तुमच्या एल्बोपुढे पुन्हा तसाच चुकेल. दोन पक्षांमधल्या विक्रीसाठी मीटर वापरत असाल तर गुणक एकट्याने भरू नका. चाचणीच्या वेळी दुसऱ्या पक्षाचा माणूस उभा करा, सही घ्या आणि मगच सील लावा.

गुणक, चाचणीची तारीख, तीन प्रवाहांवरची चूक आणि मागचा व्हॉल्व्ह त्या वेळी किती उघडा होता, हे सगळं मीटरच्या टॅगवर कोरून लावा, वहीत ठेवलेलं हरवतं. मागचा एल्बो, पंप किंवा व्हॉल्व्ह बदलला, लाइन उघडून साफ केली, की तो गुणक रद्द समजा आणि टाकीची चाचणी पुन्हा घ्या.